ढग 'बूम' होत नाहीत

बसा. वह्या अजून उघडायच्या नाहीत. पेनही खाली ठेवा.

'पावसातला एक दिवस' हा निबंध तपासून आणलाय. गुण नंतर बघा, त्यात बघण्यासारखं फार काही नाही. आधी तुम्ही काय लिहिलंय ते तुमच्याच कानांनी ऐका. एका वहीत आहे : 'आकाशात मोठा आवाज आला. मग पावसाचा आवाज येऊ लागला. पत्र्यावर खूप आवाज झाला. नदीचाही आवाज येत होता.' चार वाक्यं आणि चार वेळा आवाज. आकाशाचा तोच, पत्र्याचा तोच, नदीचाही तोच. दुसऱ्या एका महाशयांनी त्याहून कमाल केली आहे. त्यांनी लिहिलंय, 'अचानक ढग बूम झाले.' झाले म्हणे! ढग काय वाढदिवसाचे फुगे आहेत?

हसू नका. मागच्या बाकावर जे चाललंय त्याला फिदीफिदी म्हणतात. तोंडावर हात ठेवून पुढं चाललंय ते खुसुखुसू. मघाशी मी वर्गात यायच्या आधी व्हरांड्यापर्यंत ऐकू येत होतं ते खदाखदा. बघा, तुमच्या हसण्यालाही मराठीनं वेगवेगळे शब्द दिलेत, कारण कुणीतरी कधीतरी ते नीट ऐकलं होतं. तुम्ही मात्र अख्ख्या पावसाळ्याला एका शब्दात गुंडाळून मोकळे झालात.

आता मला सांगू नका की शब्द माहीत नव्हते. याच चाचणीत ध्वनिदर्शक शब्दांचा प्रश्न होता. विजांचा कडकडाट, ढगांचा गडगडाट, पानांची सळसळ, डासांची भुणभुण, घंटांचा घणघणाट. तिथं जवळजवळ सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण आहेत. तेच हात, तेच पेन, तोच कागद. पान उलटून निबंध आला की सगळे शब्द गायब आणि शिल्लक काय, तर 'आवाज आला'. म्हणजे शब्द पाठ आहेत, पण ते कशाचे आहेत याचा पत्ता नाही. आणि ज्यांनी ते निबंधात वापरले त्यांनी तर आणखी दिवे लावलेत. 'मे महिन्यात मी मामाच्या गावाला गेलो, तिथं नदी खळखळ वाहत होती.' मामाचं गाव कुठलं? इथलंच, गिरणाकाठचं. मे महिन्यात चणकापूर धरणाचं आवर्तन सुटलं नसेल तर गिरणेच्या पात्रात नुसती वाळू आणि गोटे असतात हे तुमच्या धाकट्या भावालाही ठाऊक आहे. तिथं खळखळ कुठून आली? यादीतून आली. डोळे-कान मिटून आली.

आधी त्या 'बूम'चा निकाल लावू, कारण ज्यानं तो लिहिला त्याला वाटलं असणार, आपण भारी इंग्रजी लिहिलं. इंग्रजीचं मला वावडं नाही. पण दुसऱ्याच्या भाषेतला शब्द उचलताना तो कुठल्या घरचा आहे एवढं तरी विचारावं.

'बूम' हा आवाजाची नक्कल करून झालेलाच शब्द आहे. खोल, पोकळ, घुमत राहणारा आवाज म्हणजे बूम. तोफेचा, मोठ्या नगाऱ्याचा, खडकावर आपटणाऱ्या लाटेचा. ध्वनीपेक्षा जास्त वेगानं विमान गेलं की जमिनीवर जो दणका ऐकू येतो तो 'सॉनिक बूम'. पण पंधराव्या शतकाच्या सुमारास हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा तो कुणासाठी वापरत होते माहीत आहे? मधमाश्या आणि गांधीलमाश्यांसाठी. पोळ्यापाशी जे घुमणं ऐकू येतं, ते. मोठे आवाज त्यात नंतर शिरले. पुढं एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत धंदा एकाएकी तेजीत आला की त्यालाही 'बूम' म्हणू लागले. तुम्ही कांद्याच्या भावाच्या बातमीत ऐकता तो हा. आणि 'बॉम्ब' हा शब्दही अशाच आवाजातून निघालाय. ग्रीकांचा 'बॉम्बोस' म्हणजे घुमणारा जड आवाज. तो लॅटिनमधून इटालियन, फ्रेंच असा फिरत इंग्रजीत आला. नुसत्या आवाजाचा शब्द हत्याराचं नाव होऊन बसला.

आणि कुणी हुशारी करायच्या आधीच सांगते, पिंपळगावच्या टोलनाक्यावर गाडीपुढं जो आडवा दांडा येतो त्यालाही 'बूम' म्हणतात, पण त्याचा आवाजाशी काडीचा संबंध नाही. तो डच भाषेतल्या झाड किंवा खांब या अर्थाच्या शब्दावरून आला. उच्चार सारखा म्हणून मूळ सारखं नसतं. कानाला पटलं की लगेच व्युत्पत्ती ठोकून द्यायची, हा आळशी माणसाचा धंदा.

आता इंग्रज माणूस ढगांबद्दल काय म्हणतो? दूरवर गुरगुरत असेल तर 'रंबल' म्हणतो, डोक्यावर फुटलं तर 'क्रॅक' किंवा 'क्लॅप' म्हणतो. म्हणजे त्यालाही फरक कळतो. तुमचं वाक्य मराठीत तर नापासच आहे, इंग्रजीतही ते काठावरसुद्धा निघत नाही.

तोच फरक मराठीत नीट बघा. कडकडाट विजेचा आणि गडगडाट ढगांचा, असं तुम्ही पाठ केलंत. पण दोन्ही आवाज मुळात एकाच विजेचे असतात हे कुणाच्या लक्षात आलं का? वीज चमकते तेव्हा तिच्या वाटेवरची हवा क्षणात प्रचंड तापते, फुगते आणि त्या धक्क्याचा आवाज होतो. वीज जवळ पडली तर तो धक्का एकदम, धारदार कानावर येतो. तो कडकडाट. वीज दूर असली तर ती वाट काही किलोमीटर लांब असल्यामुळं तिच्या एकेका भागाचा आवाज मागंपुढं पोहोचतो, वर आपल्या डोंगरांवर आपटून परत येतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं कुणी जड गोटे लोटत नेतंय. तो गडगडाट. विज्ञानाच्या पुस्तकात हे समजावायला अर्धं पान लागतं. जिनं कधी शाळा पाहिली नाही अशा कुणबिणीनं ते दोन अक्षरांच्या फरकात सांगून ठेवलंय. 'क' म्हणजे जवळ आणि कोरडं, 'ग' म्हणजे लांब आणि जड.

आणि हे फक्त दोन गुणांचं काम नाही. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. लखकन उजेड दिसला आणि तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. शेतात असाल तर तेव्हाच पक्क्या घरात शिरायचं, झाडाखाली उभं राहायचं नाही. कडकडाट ऐकून निघू म्हणाल तर उशीर झालेला असेल. ज्याला सगळंच 'मोठा आवाज' वाटतं, त्याला घरी जायची वेळ कळणार कशी?

आता फळ्याकडे बघा. मी सात शब्द लिहिते. गडगड, कडकड, खडखड, धडधड, फडफड, तडतड, बडबड. मागचं सगळं तेच आहे. फक्त पहिलं अक्षर बदललं. गडगड ढगांची, आणि ट्रॉलीतून ओतल्या जाणाऱ्या कांद्यांचीही. कडकड विजेची. खडखड आपल्या एसटीच्या खिडक्यांची. धडधड इंजिनची आणि निकालाच्या दिवशी तुमच्या छातीची. फडफड झेंड्याची. तडतड फोडणीतल्या मोहरीची. आणि बडबड कुणाची ते मी सांगायला नको. एकेक व्यंजन काय काम करतं बघा. आता दुसरी ओळ. किणकिण, खणखण, घणघण. किणकिण बांगड्यांची. खणखण नाण्यांची. घणघण सप्तशृंगगडावरच्या देवळातल्या घंटेची. धातूचा पत्रा जसा जड होत गेला तसं अक्षरही जड होत गेलं. आता कुणी घंटेची किणकिण म्हणून दाखवा. जीभच अडेल तुमची.

तुम्हाला वाटतं, हे शब्द म्हणजे बाळबोबडे बोल. त्यांना कसलं आलंय व्याकरण! चूक. कौलावरून थेंब 'टपकन' पडतो तेव्हा तो एकच असतो. 'टपटप' पडतात तेव्हा पुष्कळ असतात आणि त्यांना लय असते. 'टपाटप' पडतात तेव्हा ते इतक्या भराभर येतात की मोजता येत नाहीत. एकदा, पुन्हा पुन्हा, झपाट्यानं. हा सगळा हिशोब एका 'कन'नं आणि मधल्या एका कान्यानं केला. धपकन, धपधप, धपाधप घ्या. खणकन, खणखण, खणाखण घ्या. नियम तोच. मग त्याला 'णे' लावा, क्रियापद झालं : खणखणणे. 'आट' लावा, नाम झालं : खणखणाट. 'ईत' लावा, विशेषण झालं : खणखणीत. कुणी शिकवलं नव्हतं, तरी तुम्ही लहानपणापासून हे बिनचूक बोलता. 'दार धाडधाड एकदा आपटलं' असं तुमच्यातला एकही जण बोलणार नाही. बोलताना जे येतं ते लिहिताना कुठं जातं, हा माझा प्रश्न आहे.

आणि हे शब्द एकदा ऐकण्यातून जन्मले की तिथंच बसून राहत नाहीत. चांदीचा रुपया आपटून, वाजवून पारखायचे. खोटा असला तर बद्द वाजायचा, खरा असला तर खणखणीत. आता माणसाचा आवाज खणखणीत असतो, पुरावा खणखणीत असतो. कुरकुर ही आधी बैलगाडीच्या चाकाची, दाराच्या बिजागरीची. मग कामाला लावलं की तुमची. आणि दाताखाली चांगली वाटली की तीच कुरकुरीत. पावसाची पिरपिर आणि हट्टी पोराची पिरपिर यांत तुमच्या आईला काही फरक वाटत नाही, आणि तिचं बरोबर आहे. फटफट करत आली म्हणून मोटारसायकल फटफटी झाली. तुणतुण वाजतं म्हणून तुणतुणं. धबधब पडतो म्हणून धबधबा. नव्या वस्तूला नाव हवं होतं, तेव्हा माणसं शब्दकोश शोधत बसली नाहीत. त्यांनी कान लावला.

इंग्रजीत या प्रकाराला 'ओनोमॅटोपिया' म्हणतात. स्पेलिंग अवघड म्हणून तुम्ही तो शब्द ऑप्शनला टाकता. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ फक्त 'नाव घडवणं' असा आहे. १५८९ साली जॉर्ज पटनम नावाच्या इंग्रज लेखकानं काव्यशास्त्रावरच्या पुस्तकात त्याला 'नवं नाव ठेवणारा' म्हटलं. नाव ठेवणं हे असं कानाचं आणि मेहनतीचं काम आहे. तुम्हाला फक्त नावं ठेवणं येतं.

आपल्याकडे हा विचार पटनमच्या कितीतरी आधी झाला. यास्कानं 'निरुक्त' या व्युत्पत्तीच्या ग्रंथात लिहिलंय की कावळ्याचं 'काक' हे नाव त्याच्या ओरडण्याची नक्कल आहे आणि पक्ष्यांच्या नावांत असं पुष्कळदा होतं. तिथंच त्यानं औपमन्यव नावाच्या आचार्याचं उलट मतही नोंदवलंय. शब्द आवाजाची नक्कल करतो हेच औपमन्यवांना मान्य नाही. त्यांनी 'काक'ची दुसरीच व्युत्पत्ती दिली. म्हणजे कावळा काव काव करत होता आणि खाली दोन विद्वान वाद घालत होते. पाणिनीनं तर अस्पष्ट आवाजांच्या नकलेसाठी वेगळं सूत्र केलं. त्यात शब्द दोनदा घेऊन पुढं 'आ' लावायचा आणि 'पटपटा' असं रूप करायचं. तुमच्या 'पटापटा आवर' या वाक्याला किती जुनी सोबत आहे बघा. पुढं इंग्रजी राज्यात मोल्सवर्थनं मराठीचा कोश केला. पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची. त्या परक्या माणसानं आपले खडखड, तडतड टाकून दिले नाहीत. हे आवाजाच्या नकलेचे शब्द आहेत अशी खूण करून, त्यांच्या छटा वेगवेगळ्या सांगून ते जपून ठेवले. १९६९ साली एमेनो नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं दाखवलं की असे शब्द ही भारतातल्या भाषांची, मग त्या उत्तरेकडच्या असोत की द्राविडी, एक समान खूण आहे. बाहेरच्या लोकांनी ज्याची एवढी दखल घेतली, ते तुम्ही पोरखेळ म्हणून सोडून देता.

आता एक शंका मला अपेक्षित आहे. एकीनं मधल्या सुट्टीत विचारलीही. 'मॅडम, आवाज तर सगळीकडे एकच असतो, मग प्रत्येक भाषेत शब्द वेगळा का?' हा खरा प्रश्न आहे. या वर्गात तो एकीलाच पडला, याचं मला दुःख आहे.

पावशा सगळ्यांनी ऐकलाय. पेरणीच्या आधी, आभाळ भरून येतं तेव्हा एकसारखा ओरडतो. आपले शेतकरी म्हणतात, तो सांगतो : पेरते व्हा, पेरते व्हा. हिंदीवाल्यांना तोच पक्षी 'पी कहाँ' विचारताना ऐकू येतो. बंगाल्यांना तो 'चोख गेलो', म्हणजे माझे डोळे गेले, असं रडताना ऐकू येतो. इथं आलेल्या इंग्रजांना उकाड्यात झोप लागत नव्हती, त्यांना तो 'ब्रेनफीव्हर, ब्रेनफीव्हर' असं किंचाळताना ऐकू आला. पक्षी एक, हाक एक. ज्याच्या मनात पेरणी होती त्याला पेरणी ऐकू आली, ज्याच्या डोक्यात ताप होता त्याला ताप. शिवाय प्रत्येक भाषेच्या पोतडीत जेवढी अक्षरं असतात त्यांतूनच शब्द घडवावा लागतो. आपल्याकडे 'ख', 'घ', 'ठ', 'ढ', 'ण' आहेत. इंग्रजाकडे घंटेसाठी 'घण' म्हणायची सोयच नाही, म्हणून त्याला 'डिंग डाँग'वर भागवावं लागतं.

मॅक्स म्यूलर, तोच, ज्यानं ऋग्वेद छापून काढला, त्यानं १८६१च्या व्याख्यानांत अख्खी भाषा अशा नकलांतून जन्मली म्हणणाऱ्यांची 'बाउ-वाउ सिद्धांत' म्हणून टर उडवली होती. भाषा म्हणजे नुसतं भुंकणं नव्हे, असा त्याचा टोला होता. भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरच्या १९१६ साली निघालेल्या पुस्तकातही हेच आहे की असे शब्द थोडे असतात आणि तेही पुन्हा रूढीनंच ठरतात. दोघांचं म्हणणं मानायला माझी हरकत नाही. माणूस रेकॉर्डर नाही. तो ऐकतो आणि आपल्या भाषेत सांगतो. पण सांगायच्या आधी त्याला ऐकावं तर लागतं! पावशाला चार ठिकाणी चार अर्थ मिळाले, कारण चारही ठिकाणी कुणीतरी थांबून ऐकलं. 'पक्ष्याचा आवाज आला' असं त्यांच्यापैकी एकानंही म्हटलं नाही.

म्हणून माझा राग 'बूम'वर नाही. उद्या एखाद्यानं नगाऱ्याबद्दल लिहिताना विचार करून 'बूम' लिहिलं तर मी त्याला गुण देईन. माझा राग आहे तो न ऐकता लिहिण्यावर. यादीतलं 'खळखळ' आणि मोबाइलवरच्या व्हिडिओतलं 'बूम' ही एकाच आळसाची दोन पोरं आहेत. एकाला व्याकरणाचं सोवळं आहे, दुसऱ्याला फॅशनचं, एवढंच. तुम्ही अशा तालुक्यात राहता जिथं पाऊस भुरभुरतो, रिपरिपतो, पिरपिरतो आणि धो धो कोसळतो. ते चार वेगळे पाऊस आहेत, आणि तुमच्या घरात त्या प्रत्येकावर दुसऱ्या दिवशीचं काम ठरतं. भुरभुरीत निंदणी होते, धो धो पावसात कांदाचाळीवरचा कागद धरायला धावावं लागतं. तुमच्या आजीला ते अंथरुणातून पत्र्यावरच्या आवाजानं कळतं. तुम्ही त्याच पत्र्याखाली कानांत हेडफोन घालून झोपता आणि सकाळी लिहिता, 'पावसाचा आवाज येत होता.'

आता काम सांगते. नीट ऐका, दोनदा सांगणार नाही. येत्या सोमवारपर्यंत प्रत्येकानं दहा आवाज ऐकून लिहायचे. पुस्तकातले, यादीतले, गाइडमधले चालणार नाहीत. बाजार समितीत ट्रॉली रिकामी होताना ऐका. अभोण्याची बस चढ चढताना ऐका. पुनदच्या कालव्याला पाणी सुटलं असेल तर दारापाशी ते कसं वाजतं आणि पुढं सपाटीला कसं वाजतं, ते दोन्ही ऐका. आवाज कुठं ऐकला, किती वाजता, जवळून की लांबून, एकदा झाला की पुन्हा पुन्हा, ते लिहायचं आणि मग पुढं शब्द. प्रत्येक शब्दाची तीन रूपं करून दाखवायची : एकदाचं, लयीतलं आणि झपाट्याचं. रूप होत नसेल तर का होत नाही ते लिहायचं.

आणि जे घरी अहिराणी किंवा कोकणी बोलतात त्यांनी कान देऊन ऐका. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी वाजते, तिच्या सुराला तुमच्या घरात जो शब्द असेल तोच लिहायचा. उखळाला, जात्याला, शेळीला, पावसाला घरी जे म्हणता तेच. 'हे अशुद्ध आहे' म्हणून स्वतःच खोडू नका. तो शब्द मी खोडणार नाही. मात्र त्याच्यापुढं प्रमाण मराठीतला जवळचा शब्द लिहायचा आणि दोघांत फरक काय ते एका वाक्यात सांगायचं. प्रमाण मराठीत तसा शब्दच नसेल तर तसं लिहा. त्याला जास्तीचे दोन गुण आहेत.

शेजाऱ्याचं बघून लिहिलेलं मला कळतं, कारण दोन माणसं एकच आवाज कधीच सारखा ऐकत नाहीत. दोन वह्यांत दहाच्या दहा शब्द सारखे आले तर दोघांनाही शून्य, आणि पालकांना शाळेत यावं लागेल. शंका असेल तर आत्ता विचारा. सोमवारी 'मॅडम, समजलं नव्हतं' हे मी ऐकून घेणार नाही.